उजव्या बाजूचा सांधा

उस्ताद,

तुमची शोकसभा महिना उलटल्यावर झाली, तिथं मी बोललो नाही. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडखाली तुमचा हार घातलेला फोटो ठेवला होता, आणि ज्याला त्याला बोलायचं होतं. टायरवाला बोलला, बॅटरीवाला बोलला. ज्या वेल्डिंगवाल्याशी तुमचं हयातभर पटलं नाही, त्यानं तर रडून घेतलं. मग कुणीतरी म्हणालं, "रफीकभाई, तुम्ही बोला दोन शब्द. तुम्ही तर त्यांच्या हाताखालचे." मी उठलो, हात जोडले आणि खाली बसलो. माझ्याजवळ जे होतं ते दोन शब्दांत मावणारं नव्हतं, आणि हार घातलेल्या फोटोसमोर ते बोलायचं नसतं एवढी रीत मलाही कळते. म्हणून घरी येऊन लिहायला बसलोय.

तुमच्या गॅरेजात मी सतरा वर्षं काम केलं, आणि नंतरची अकरा वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही. सभेत सगळे सतरा वर्षांबद्दल बोलले. अकरा वर्षांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात, आणि जिवंत माणसाबद्दल काहीही बोललेलं चालतं.

सतरा वर्षांचं आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, रफीक उलट्या काळजाचा निघाला. वाळूजच्या कंपनीतलं कंत्राट संपून मी रिकामा हिंडत होतो तेव्हा तुम्ही मला ठेवून घेतलंत. माझं लग्न झालेलं, घरात आई, आणि मला पान्याचा नंबर धड कळत नव्हता. तुम्ही मला जुन्या पिकअपखाली झोपवलंत आणि स्वतः आत बसून स्टिअरिंग डावीउजवीकडं हलवायला लागलात. पुढच्या दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना गोळीचे सांधे असतात. तो सांधा झिजला की स्टिअरिंग फिरतं पण चाक लगेच ऐकत नाही. ती ढील हातालाच कळते. तुम्ही वरून ओरडलात, "डोळ्यानं नाय, रफीक, हातानं बघ! डोळ्याला तर समदंच चांगलं दिसतंय." आजही मी सांध्यावर हात ठेवतो तेव्हा डोळे मिटतो. गिऱ्हाइकाला वाटतं मी दुवा मागतोय.

तुमचे नियम दोनच होते. पहिला, सांधे जोडीनं बदलायचे. डावा झिजला असेल तर उजवाही त्याच्याच वयाचा आहे. कुणी कुरकुरलं की तुम्ही म्हणायचात, "एका पायात नवी चप्पल अन् एका पायात जुनी घाला, अन् जावा पैठणपस्तोर चालत. मंग या माझ्याकडं." दुसरा नियम, काढलेला जुना सांधा मालकाच्या हातात द्यायचा, न पुसता, त्याच्या ग्रीससकट. त्यानं तो स्वतः हलवून बघायचा. त्याच्या मनात शंका राहू नये म्हणून. ह्या दोन नियमांवर तुमचं नाव होतं. कन्नड, सिल्लोड, कुठून कुठून लोक गाडी घेऊन यायचे. मला त्या नावाचा गर्व होता, ते माझंच असल्यासारखा.

आणि घराचं म्हणाल तर, ईदला माझी आई तुमच्याकडं शिरखुर्म्याचा वाडगा पाठवायची. काकूंनी तो कधी रिकामा परत पाठवला नाही. कधी करंज्या, कधी शेंगदाण्याचे लाडू, काही नसलं तर मूठभर साखर. आई वाडग्यात डोकावून बघायची आणि म्हणायची, "तेरे उस्ताद का घर भरा हुआ है." हे सगळं खरं होतं, उस्ताद. म्हणूनच मला जास्त राग आहे.

आता ती खंडेनवमी.

साहेबराव फुलंब्रीच्या पुढच्या वस्तीवरून सकाळीच पिकअप घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी दसरा, रानात झेंडू तोडून पडलेला, आणि गाडी उजवीकडं ओढत होती. त्यांना संध्याकाळी फुलं भरून पहाटे शहराच्या बाजारात पोचायचं होतं. झेंडूला दसऱ्याच्या सकाळीच विचारतात, दुपारी ढोरंही तोंड लावत नाहीत. मी खाली शिरलो. दोन्ही सांधे गेलेले. डावा दुपारपर्यंत बदलून झाला. उजव्याचा नट गंजून बसलेला, तो काही केल्या हलेना. त्यावर रॉकेल सोडून मी थांबलो होतो, पाना हातातच होता.

एवढ्यात काकू पूजेचं ताट घेऊन आल्या. तुम्ही पाट मांडला, लाल कापड अंथरलं आणि भिंतीवरची सगळी हत्यारं उतरवून पुसायला घेतलीत. खंडेनवमीला हत्यारं एकदा पाटावर बसली की दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सतरा वर्षं मी ते पाळत आलो होतो. मीच झेंडूची तोरणं बांधायचो. पण त्या दिवशी मी म्हणालो, "उस्ताद, बस अर्धा तास. उजवा राहिलाय."

"मुहूर्त थांबतोय का अर्धा तास?" तुम्ही म्हणालात. हात पुढं केलात. "आन तो पाना."

मी पाना दिला. तुम्ही तो रॉकेलनं धुतलात, फडक्यानं लख्ख पुसलात, बाकीच्यांच्या शेजारी पाटावर ठेवलात आणि हळदकुंकू वाहिलंत. साहेबराव दारात उभे, सारखं घड्याळाकडं बघत. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही उदबत्ती ओवाळत होतात. तोंड न वळवता तुम्ही डाव्या हातानं खूण केलीत, जाऊ दे म्हणून. ती खूण मी बघितली. साहेबरावांनी बघितली नाही, ते गाडीकडं वळले होते.

माझा गुन्हा इथून सुरू होतो, तोही लिहितो. मी साहेबरावांना सांगितलं, "सावकाश जावा, वजन कमी घ्या, पूजा उतरली की लगेच गाडी घेऊन या." आणि मग त्यांचा चेहरा बघून, त्यांना बरं वाटावं म्हणून, वर म्हणालो, "काही होत नाही." माझ्या हाताला माहीत होतं की होऊ शकतं. आपल्या गल्लीत त्या दुपारी एकाही गॅरेजात पाना मोकळा नव्हता. पण दोन गल्ल्या पलीकडं मामूंचं गॅरेज होतं, तिथं सगळे पाने भिंतीला होते. मी पळत जाऊन एक आणू शकलो असतो. गेलो नाही. तुमच्या पूजेच्या दिवशी, तुमच्या दारात, तुमच्या हाताखालचा रफीक मामूंकडचा पाना आणून चालवतोय, हे तुम्हाला लागलं असतं. तुमचं मन राखायला मी गेलो नाही.

सकाळी उजाडताना चौका घाटाच्या उतारावर उजवा सांधा निखळला. गाडी कडेच्या चारीत गेली. साहेबराव वाचले, गुडघा गेला. वाटेनं जाणाऱ्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. म्हणतात, काही जणांनी रस्त्यावर सांडलेला झेंडू उचलून आपापल्या गाड्यांना लावला. दसराच होता.

तुम्हाला कळलं तेव्हा पूजा उतरायची होती. गल्ली गोळा झाली. साहेबरावांचा भाऊ आला होता, त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलेलं. तो म्हणाला, "कुणी सोडली गाडी?" सगळे तुमच्याकडं बघायला लागले. आणि तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलंत.

"ह्यानं सोडली. उजवा तसाच ठिवून सोडली. माझ्या हाताखालचा म्हणून सांगू नको आता कुणाला."

मी थांबलो, उस्ताद. मला वाटलं पुढचं वाक्य तुम्ही बोलाल. पाना मी काढून घेतला, एवढंच तर वाक्य होतं. पाट तिथंच होता, त्यावर तो पाना होता, कुंकू लावलेला. तुमची नजर एकदा त्याच्याकडं गेली. मी बघितली. मग तुम्ही मान फिरवलीत.

मीच का नाही बोललो, असं माझी बायको अकरा वर्षं विचारतेय. काय बोलणार होतो? "पूजेमुळं राहिलं." माझ्या तोंडून, त्या गर्दीत, दसऱ्याच्या दिवशी, हे वाक्य निघालं असतं तर त्याचं काय झालं असतं? त्या वाक्यात मग ना सांधा राहिला असता ना साहेबराव. रफीक पूजेला नावं ठेवतो, एवढंच राहिलं असतं. ते चहाच्या टपरीवरून पुढच्या चौकात गेलं असतं, आणि तिथून कुठं गेलं असतं ते ह्या शहरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. तुमच्या तोंडून तेच वाक्य साधं राहिलं असतं. तुम्हाला हे कळत होतं. म्हणूनच मी गप्प बसणार हेही तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या गप्प बसण्याच्या आडोशाला तुम्ही उभे राहिलात. ही गोष्ट मी तुम्हाला माफ केलेली नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून करणारही नाही.

मी निघालो. मामूंनी आधी कामाला ठेवलं, त्यांच्या मागं ते गॅरेज मीच चालवायला लागलो. दोन गल्ल्या पलीकडं. त्या साली ईदला आईनं सवयीनं शिरखुर्मा पाठवला. वाडगा परत आला, घासून पुसून, रिकामा. आईनं आत डोकावून बघितलं आणि तो वरच्या फळीवर ठेवून दिला. पुन्हा कधी काढला नाही.

वर्षानुवर्षं लोक माझ्याकडं गाडी आणताना विचारायचे, "दोन्ही बाजू बघणार ना, भाई?" हसून विचारायचे, पण विचारायचे. मी दोन्ही बाजू बदलायचो, जुना जोड मालकाच्या हातात द्यायचो. तुमचेच नियम. तुम्ही हाकलून दिल्यावर ते मी तुमच्यापेक्षा कडक पाळले.

तुम्ही गेल्याचं मला चहावाल्यानं सांगितलं. मातीला आलो, मागं उभा राहिलो. तेरावं झाल्यावर काकूंनी निरोप पाठवला, "गाडी घेऊन जा. नीट करून दे." तुमची ती जुनी पांढरी पिकअप, तुम्हीच मढवलेल्या सीटची. मी तुमच्या घरी आलो. काकू ओट्यावर बसल्या होत्या. अकरा वर्षांनी त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "वाळलास रं." मग किल्ली दिली. "ही साहेबरावला द्यायची हाय. ते सांगून गेलेत. त्याच्या पोराला धंद्याला व्हईल. पर आधी रफीककडनं तपासून घे, म्हणले."

"माझं नाव घेतलं?"

"व्हय. शेवटच्या आठवड्यात."

मी किल्ली घेतली. वळलो तेव्हा काकू मागून म्हणाल्या, "त्या सालापासनं ह्यांनी खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडलीच नाय. नुसता नारळ ठिवायचे. मी इचारलं तर म्हणायचे, पाने मोकळे असू दे, कुणाचं काम अडाया नगं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला वाटायचं, तुला ठावं असंल."

मला ठावं नव्हतं, काकू. मला कोण सांगणार होतं.

गाडी मी गॅरेजात आणली. आणतानाच कळलं, उजवीकडं ओढतेय. खाली शिरलो, डोळे मिटून हात ठेवला. डावा सांधा कोरा करकरीत, नटात पिन बसवलेली, तुमच्या हातचा पीळ तिला. उजवा पार गेलेला. क्षणभर मला हसू आलं, वाईट हसू. म्हटलं, वा उस्ताद, एका पायात नवी चप्पल! ह्याच्यासाठी मला गल्लीसमोर उभं केलं होतंत.

मग बॅटरीचा उजेड टाकला. उजव्या नटाचे कोपरे झिजून गोल झालेले. पाना लागला होता आणि निसटला होता, पुन्हा लागला होता आणि पुन्हा निसटला होता. एकदा नाही, कितीतरी वेळा. दांड्यावर निसटल्याचे ओरखडे होते. सीटखाली चाचपलं तर उजव्याचं खोकं सापडलं, न फोडलेलं. तुम्ही जोडीच आणली होती. शेवटची दोन वर्षं तुमचे हात थरथरत होते, हे मी लांबून बघितलं होतं. नट हलवायला जोर नव्हता. गाडी तशीच ठेवलीत, पण कुणाला बोलावलं नाहीत.

माझ्याच्यानंही तो नट सरळ निघाला नाही. छिन्नी लावून फोडावा लागला. नवा सांधा बसवला. मग चाकं सरळ आहेत का ते तुमच्या पद्धतीनं, सुतळी ताणून बघायचं होतं. आताशा मशीनवर करतात, पण ही गाडी मशीनवर न्यायचं मनात आलं नाही. सुतळीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. तेवढ्यात साहेबराव गाडी न्यायला आले होते. ते स्टुलावर बसले, न वाकणारा पाय पुढं लांब करून, आणि मागच्या चाकाशी सुतळी धरली. मी पुढच्या चाकाआड बसलो. आमच्या दोघांत तुमची गाडी होती. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच बहुतेक मला बोलता आलं.

"साहेबराव, त्या दिवशी मी म्हणालो होतो, काही होत नाही. ते मी म्हणायला नको होतं."

"जाऊ द्या, रफीकभाई. तुमच्या हातातनं पाना काढून घेतला, त्यावर तुम्ही काय करणार?"

माझ्या हातातली सुतळी सैल पडली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजी? तुमच्या मिस्त्रींनी. माझा पाय पलस्तरात व्हता तवाच आले, यष्टीनं. खाटंवर बस म्हणलं तर बसंनात, भुईवर बसले. म्हणले, साहेबराव, पाना मी घेतला, मीच जाऊ दे म्हणलं. रफीकची चूक नाय." पलीकडं स्टूल करकरलं. "मी म्हणलं, मंग त्याला सांगा की. चार लोकांत बोललात त्याला, चार लोकांत सांगा. तर म्हणले, सांगतो."

"सांगतो म्हणाले?"

"हर दसऱ्याला यायचे. हर साली मी इचारायचो, सांगितलं का? हर साली म्हणायचे, सांगतो. मंग मीच इचारायचं सोडलं. म्हणलं, सांगितलं आसंल." सुतळीला पलीकडून हलका झटका बसला. "नाय सांगितलं?"

मी म्हणालो, "धरा, ताणून धरा. चाक बघायचंय."

देवाला सांगितलंत, उस्ताद, पाटावर नुसता नारळ ठेवून. साहेबरावांना सांगितलंत, भुईवर बसून. दर दसऱ्याला फुलंब्रीची यष्टी धरलीत. बसस्टँडला जाताना तुम्ही माझ्याच गल्लीच्या तोंडावरून जात होतात, दुसरा रस्ता नाही. फुलंब्रीपर्यंत पाय चालत होते, आणि माझ्यापर्यंतच्या दोन गल्ल्या तुम्हाला ओलांडवल्या नाहीत. माझी आई मरेपर्यंत म्हणत होती, "तेरे उस्ताद को कुछ तो गलतफहमी हुई होगी." गैरसमज नव्हता हे तुम्ही कबूल केलं होतंत, ते ती गेल्यावर कळलं. तिला सांगायचं राहिलं, त्याचंही बोट तुमच्याकडंच जातं.

आणि माझ्याकडंही. दोन गल्ल्या मलाही होत्या. पान्यासाठी गेलो नाही, तसाच नंतरही आलो नाही. तुमचे हात थरथरताना बघून मी चहा अर्धा टाकून दुसऱ्या वाटेनं निघून जायचो. मला वाटायचं, पहिलं पाऊल ज्याची चूक त्यानं टाकावं. अजूनही वाटतं. पण तुम्ही तर आता टाकणार नाही.

गाडी साहेबरावांचा पोरगा घेऊन गेला. सरळ गेली, हात सोडले तरी सरळ. जुना उजवा सांधा मालकाच्या हातात द्यायचा म्हणून मी तो साहेबरावांपुढं धरला. ते म्हणाले, "हा माझा न्हाई. त्यांच्या घरी द्या." काकूंकडं नेला तर काकू म्हणाल्या, "मी काय करू त्याला? तूच ठिव." म्हणून तो माझ्या फळीवर आहे, ग्रीससकट, न पुसलेला. मी रोज तो बघतो आणि रोज मला राग येतो.

तुम्ही माझी माफी मागितली नाहीत, ते एक वेळ राहू दे. माझ्या डोक्यातून जात नाही तो नट. झिजून गोल झालेले ते कोपरे. कितीदा पाना लावलात, कितीदा निसटला, आणि खाली झोपून तुम्ही पुन्हा लावलात. हात चालत नव्हता तर एक हाक मारायची होती, उस्ताद. चहावाल्याकडून निरोप धाडला असता तरी चाललं असतं. मी पाना घेऊन आलो असतो. कदाचित तुमच्याशी एक शब्दही बोललो नसतो. पण आलो असतो.